शेवटच्या किल्ल्यापर्यंत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'अपुरे राहिलेले' हा विषय मुक्रर केला, तेव्हा अर्धवट सुटलेली महाकाव्ये, कळसावाचून राहिलेली देवळे आणि मध्येच थांबलेली आत्मचरित्रे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ निघतील हे उघड होते; म्हणून जिच्या अपूर्णतेची नोंद आजवर कोणत्याही दप्तरात झालेली नाही अशा एका गोष्टीकडे मी वळलो. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतून टीव्हीला डबा जोडून जे व्हिडिओ गेम खेळले गेले, त्यांतला एखादा तरी अखेरपर्यंत नेलेला माणूस शोधू गेल्यास मिळणे कठीण. मारिओ नावाच्या टोपीवाल्या मिशाळ गड्याला पहिल्या किल्ल्याच्या पुलावरून पार नेलेली मुले गल्लोगल्ली होती. आठव्या किल्ल्याचे दार पाहिलेला मात्र सबंध सोसायटीत एखादाच असे, आणि त्याचा शब्द खरा मानावा की नाही याविषयी जिन्यात वाद चालत. ही मुले आता चाळिशीच्या आसपास आली आहेत, आणि त्यांतली काही तेच खेळ पुन्हा हाती घेऊन, कोणतीही सवलत न स्वीकारता, शेवटापर्यंत नेण्याचा पण करीत आहेत. जपानात, युरोपात आणि अमेरिकेत या पणाला एव्हाना शिरस्ता, नियम आणि कीर्ती ही तिन्ही लाभली आहेत. आपल्याकडे तो अद्याप रात्री जेवणे उरकल्यावर, घरच्यांच्या नजरेआड चालतो.

बालपणाची गोडी पुन्हा चाखण्याचा हा प्रकार आहे, असा सर्वसाधारण समज असतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु ज्यांना मी भेटलो त्यांचे खेळणे पाहिल्यावर मला वाटू लागले की, एखाद्या कादंबरीचे पहिले प्रकरण शंभर वेळा वाचून ती वाचल्याचा भास बाळगलेल्या वाचकाने अखेर ती पुरी वाचावयास घ्यावी, तसे हे आहे. प्रौढपणी घडणारे हे पहिलेच संपूर्ण वाचन असून, ज्यांनी ती रचना केली त्या कर्त्यांची ओळखही त्या वाचनाच्या ओघातच होते.

कॅसेटच्या पोटातला काळा ठिपका

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, जेथे विजेच्या वायरी, स्पीकर आणि घड्याळांचे सेल यांच्या राशींतून वाट काढीत जावे लागते, तेथे एका माळ्यावर बसून जुने संच दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी मला एक पिवळी कॅसेट उघडून दाखविली. (खेळाच्या त्या प्लास्टिकच्या वडीला आपल्याकडे कॅसेट असेच म्हणत आले आहेत, आणि मीही तेच म्हणणार आहे.) आत हाताच्या पंजाहून लहान अशी हिरवी पाटी होती आणि तिच्या मध्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा, चमकदार ठिपका. "सगळा गेम याच्या खाली," ते म्हणाले. "हा फुटला की संपलं. बाकी सगळं दुरुस्त होतं." बाहेर आलेल्या तांब्याच्या साठ पट्ट्या त्यांनी खोडरबराने घासल्या, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरविला, आणि मग यंत्रात बसवून पडदा उजळून दाखविला. कॅसेटमध्ये तोंडाने फुंकर मारण्याचा जो सार्वत्रिक प्रघात होता त्याविषयी विचारता त्यांनी सांगितले की, गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. तोंडच्या ओलाव्याने पट्ट्या गंजत तेवढ्याच.

हे खेळ ज्या यंत्रासाठी मुळात लिहिले गेले ते जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले ते यंत्र १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीला जपानात विक्रीस आले, आणि दोन वर्षांनी रूप व नाव पालटून अमेरिकेत गेले. आपल्या घरांत जे पोहोचले ते बहुतेक फॅमिकॉम नव्हतेच. तैवानात त्याच्या चिपांच्या प्रतिकृती तयार झाल्या, पुढे सर्व चिपा एकाच तुकड्यात सामावल्या, आणि त्या तुकड्याभोवती निरनिराळी प्लास्टिकची घरे बांधून 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर', 'मीडिया' अशा नावांनी ते संच बाजारात उतरले. यंत्रावर मूळ कंपनीचे नाव नसे. कॅसेटमध्ये भरलेल्या खेळांच्या आरंभीच्या पडद्यावरून कर्त्याची आणि सालाची ओळ पुष्कळदा पुसून टाकलेली असे. '९९९९ इन १' असा मजकूर मिरविणाऱ्या कॅसेटीत प्रत्यक्षात थोडेच खेळ असत, आणि तेच वेगवेगळ्या क्रमांकांखाली, कधी पुढल्या टप्प्यापासून तर कधी जास्त आयुष्ये देऊन, फिरून फिरून येत.

याचा परिणाम आमच्या खेळण्याच्या रीतीवर झाला, तो मला महत्त्वाचा वाटतो. यादीत पुढचा खेळ नेहमीच हाताशी असल्याने एका खेळात अडले की दुसऱ्यात उडी मारण्याची सवय जडली. 'बॅटल सिटी' हा नामको कंपनीचा १९८५ सालचा खेळ, ज्याला सगळे नुसते 'टँक' म्हणत, त्यात विटांच्या आडोशाने बसलेल्या गरुडाचे रक्षण करीत प्रत्येक टप्प्यावर शत्रूचे वीस रणगाडे फोडावे लागतात. असे ३५ टप्पे आहेत आणि त्यानंतर पुन्हा पहिला येतो. पस्तीस हा आकडा ऐकून मला भेटलेल्यांपैकी एकूणएक चकित झाले. खेळाला मर्यादा आहे, कोणीतरी ती आखलेली आहे, हेच मुळी ठाऊक नव्हते.

चाळीस किलोबाइटांचे राज्य

'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याचे टप्पे आलेखकागदावर रेखून काढले, कोजी कोंडो यांनी संगीत दिले, आणि आठ प्रदेश, बत्तीस टप्पे, शत्रू, पाणी, भुयारे, किल्ले आणि सूर असा हा सारा पसारा अवघ्या ४० किलोबाइटांत बसविला गेला. त्यांपैकी ३२ किलोबाइट आज्ञावलीला आणि ८ किलोबाइट चित्रांना. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खाते. यंत्राची स्वतःची कार्यकारी स्मृती २ किलोबाइट. या कृपण मामल्यात काटकसर हीच कला झाली: आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, केवळ रंग पालटलेला, आणि ही गोष्ट एकदा कळली म्हणजे पुढे प्रत्येक ढगात झुडूप दिसू लागते.

पडद्यावर एका आडव्या रेषेत आठांहून अधिक हलणारे तुकडे यंत्राला काढता येत नाहीत. नववा आला की कोणीतरी अदृश्य होतो, म्हणून गर्दीत शत्रू लुकलुकताना दिसतात. लहानपणी टीव्ही बिघडला समजून त्याच्या पाठीत थापटा मारणाऱ्यांना हा यंत्राचा नियम आहे, हे प्रौढपणी कळते, आणि मग त्या लुकलुकीवरूनच, दिसत नसलेला शत्रू कोठे असेल याचा अदमास घेता येतो.

हे खेळ इतके निष्ठुर का, याचे उत्तरही बव्हंशी याच काटकसरीत आहे. एवढ्याशा जागेतला ऐवज सरळ चालत गेल्यास घटकाभरात संपतो. महागामोलाने घेतलेली कॅसेट महिनोन्‌महिने पुरावयाची तर मार्गात अडथळा हवा. शिवाय हे रचनाकार ज्या परंपरेतून आले ती नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांची होती, आणि तेथे खेळणारा लवकर बाद होण्यातच मालकाची प्राप्ती होती. कॅपकॉमचा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' हा १९८५ साली अशाच नाण्याच्या यंत्रावर आला व पुढल्या वर्षी घरगुती संचावर उतरला. त्यात शेवटच्या असुरापर्यंत पोहोचलेल्या माणसाला, हा सारा सैतानाने रचलेला भास होता असे सांगून पुन्हा पहिल्या टप्प्यावर धाडले जाते. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतर.

तथापि निष्ठुरता आणि अन्याय यांत भेद आहे, आणि मारिओच्या कर्त्यांनी तो कटाक्षाने सांभाळला. उडी किती उंच जाईल हे बटण किती वेळ दाबले व आधी किती वेगाने धावलो यांवर ठरते. हवेत असतानाही दिशा सुधारता येते. खड्डा, कासव, नळ हे सारे प्रत्येक वेळी त्याच जागी असतात. ज्याला हरवावयाचे तो आपला विचार बदलत नाही. म्हणून येथे हाताच्या चपळाईइतकेच पाठांतर लागते, आणि पाठांतराने जे साधते ते कोणालाही साधण्यासारखे आहे.

लुइजीची पाळी

कोथरूडला राहणाऱ्या आणि एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका बाईंनी, त्यांचे नाव छापावयाचे नाही या अटीवर, मला त्यांच्या पणाचे साक्षीदार होऊ दिले. मारिओ दोघांनी खेळावयाचा म्हटला तर पहिला खेळाडू मारिओ व दुसरा त्याचा भाऊ लुइजी. पण दोघे एका वेळी पडद्यावर येत नाहीत. मारिओ मेल्याखेरीज लुइजीची पाळी नाही. बाई धाकट्या, म्हणजे अर्थातच लुइजी. आणि थोरला भाऊ हातचा तयार असल्याने मारिओ लवकर मरत नसे. "मी तासन्‌तास नुसती बघत बसलेली असायचे," त्या म्हणाल्या. "पाळी आली की दादा सांगायचा, इकडे उडी मार, तिकडे थांब. त्याच्या सांगण्याच्या गडबडीत मी पहिल्याच कासवाला आपटायचे. मग पुन्हा त्याची पाळी."

त्यांच्याजवळ एक दोनशेपानी वही आहे. तीत प्रत्येक टप्प्याचा तपशील प्रयोगवहीच्या शिस्तीने मांडलेला: कोठून धाव घ्यावयाची, कोणत्या विटेत काय आहे, कोठे थांबणे हेच शहाणपणाचे. चौथ्या, सातव्या आणि आठव्या प्रदेशांतले किल्ले चक्रव्यूहासारखे आहेत, वाट चुकली तर कोणतीही सूचना न देता तोच सज्जा पुन्हा समोर येतो. त्यांचे नकाशे वहीत लाल शाईने काढलेले. त्यांचा पण असा की, दुसऱ्या टप्प्यातल्या आणि चौथ्या प्रदेशातल्या गुप्त दारांनी मधले प्रदेश टाळावयाचे नाहीत. बत्तीसच्या बत्तीस टप्पे एका बैठकीत, क्रमाने, पायी ओलांडावयाचे.

मी गेलो त्या संध्याकाळी त्या आठव्या प्रदेशात होत्या. येथवर बहुतेक टप्प्यांच्या मध्यावर मेल्यास तेथूनच पुढे जाण्याची मुभा असते. आठव्या प्रदेशात ती कर्त्यांनी काढून घेतली आहे. पहिल्या टप्प्यात पाय टेकावयास एकेक विटेची जागा, तिसऱ्यात हातोडे फेकणारे कासवबंधू जोडीजोडीने. या हातोडेवाल्यांचे वर्तन मात्र पाठ करता येत नाही. यंत्राच्या आत चालणाऱ्या एका गणिती फेऱ्यातून त्यांच्या उड्या ठरतात, आणि खेळणाऱ्याच्या पावलांची वेळ निमिषभर पुढेमागे झाली की सगळा क्रम पालटतो. बाईंचा श्वास येथे बदललेला मला स्पष्ट ऐकू आला. त्या पुढे सरल्या, एक पाऊल मागे आल्या, दोन्ही कासवे एकदम हवेत उडालेली पाहताच त्यांच्या खालून धावत निघाल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या आईंनी विचारले, "संपला का गं तुझा तो किल्ला? ताटं घेऊ का?" "दोन मिनिटं, आई!" असे म्हणताना त्यांची नजर पडद्यावरून ढळली नाही. पुढच्याच खड्ड्यात मारिओ गेला. त्यांनी वही ओढून एक ओळ लिहिली आणि त्या जेवावयास उठल्या.

एक गोष्ट त्यांना याच शोधात सापडली, आणि तिच्याविषयी बोलताना त्यांचा स्वर बदलतो. सर्व आयुष्ये संपून खेळ आटोपल्यावर आरंभीच्या पडद्यावर ए बटण दाबून ठेवून 'स्टार्ट' दाबले, तर ज्या प्रदेशात आपण संपलो त्याच्या पहिल्या टप्प्यापासून पुढे खेळता येते. ही तरतूद १९८५ पासून त्या कॅसेटीत आहे. माहितीपुस्तिकेवाचून, नावावाचून आणि कर्त्यावाचून आलेल्या आमच्या कॅसेटींबरोबर ती सांगणारे कोणी आले नाही, आणि एक अख्खी पिढी दरवेळी मुळापासून चालत राहिली. आपल्या पणात बाई ही सवलत घेत नाहीत. पण ती होती, हे कळणे त्यांना हवेसे वाटले.

जाबता

पण करणाऱ्यांच्या या मंडळात नियमांचा जो काथ्याकूट चालतो तो पाहून जुन्या कचेरीतल्या कज्जांची आठवण व्हावी. संगणकावर फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली, जिला एम्युलेटर म्हणतात, ती वापरावी की मूळ यंत्रच हवे? एम्युलेटरमध्ये कोणत्याही क्षणी खेळ गोठवून जतन करण्याची आणि मेल्यावर त्याच क्षणी परतण्याची सोय असते. ती घेतली तर पण मोडला का? जवळजवळ सर्वांचे मत मोडला असेच पडते. सरावापुरती सोय घ्यावी, अखेरच्या फेरीत नाही, असा मध्यममार्ग बहुतेकांनी स्वीकारला आहे, आणि मला तो योग्य वाटतो. गायक अवघड तान सुटी काढून घोटतो, पण मैफलीत ती आलापाच्या ओघातच यावी लागते.

या पणाला लोकमान्यता दिली ती जपानच्या 'गेम सेंटर सीएक्स' या दूरचित्रवाणी मालिकेने. नोव्हेंबर २००३ मध्ये ती सुरू झाली. योइको या विनोदी जोडीतला शिन्या आरिनो हा नट कंपनीतल्या कामगारासारखा गणवेश घालून एका खोलीत बसतो आणि नेमून दिलेला जुना खेळ अखेरीस नेण्याचा प्रयत्न करतो. मालिकेत त्याचा हुद्दा खातेप्रमुखाचा. तो मोठा निष्णात खेळाडू नाही. दिवस मावळतो, कपाळावर थंडाव्याची पट्टी चिकटविली जाते, हाताखालचा एखादा तरुण साहाय्यक येऊन अवघड जागा दाखवून जातो, आणि कित्येकदा खेळ संपत नाही. अपयशही तेथे जसेच्या तसे दाखविले जाते, हेच मला त्या मालिकेचे मोठेपण वाटते. दहा वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१३ मध्ये टोकियोच्या निप्पोन बुडोकान या विशाल सभागृहात, हजारो प्रेक्षकांसमोर त्याने खेळून दाखविले.

आरिनोच्या अगदी विरुद्ध टोकाला पिओत्र देलगादो कुसिएलचुक हा पोलिश-मेक्सिकन गृहस्थ. अमेरिका-युरोपात अधिकृतपणे निघालेले या यंत्राचे सर्वच्या सर्व ७१४ खेळ पुरे करण्याचा विडा त्याने मे २०१४ मध्ये उचलला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' संपवून तो पार पाडला. यांत पियानो शिकविणारी एक कॅसेटही होती, आणि ती पुरी करण्यासाठी त्याला खरोखर पट्ट्यांवर बोटे बसवावी लागली. उत्तमांच्या जोडीने त्याने टाकाऊ खेळही तितक्याच निष्ठेने संपविले. ज्यांना त्यांच्या कर्त्यांशिवाय कोणी शेवटापर्यंत पाहिले नसेल अशा कित्येक रचनांना त्याच्या रूपाने एक संपूर्ण वाचक मिळाला.

वेगाने धावणाऱ्यांचा पंथ निराळा. गुप्त दारांनी जाऊन मारिओ पाच मिनिटांच्या आत संपविणारे लोक आहेत. टप्पा संपल्याची दखल यंत्र दर एकवीस चित्रांनी एकदाच घेते, एवढे बारकावे त्यांनी आज्ञावली वाचून काढले आहेत. त्यांच्या विद्येविषयी मला आदर आहे. पण या लेखाचा विषय पोहोचणारा आहे, किती लवकर पोहोचला हे येथे दुय्यम.

पन्नास आणि साठ

भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला ५० वेळा ताजे होणारे. जपान आणि अमेरिकेत तोच आकडा ६०. फॅमिकॉमच्या खेळांत प्रत्येक हालचाल चित्राच्या या ठेक्याला बांधलेली असते. पाल संचासाठी घडविलेल्या प्रतिकृतींवर तेच खेळ त्यामुळे सुमारे एकषष्ठांशाने संथ चालत. संगीताचे सूर जवळपास तेच, लय तेवढी विलंबित. आता मूळ गतीने खेळू लागलेल्या आमच्या माणसांना पहिल्याच टप्प्यात कासवे अंगावर धावून आल्यासारखी वाटतात, ती याच कारणाने.

कोणती गती खरी? बाईंचे म्हणणे, ज्यांनी रचले त्यांनी ज्या गतीने रचले तीच. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या त्यांच्या बंधूंचे मत उलट; रविवारी व्हिडिओ कॉलवर बहिणीची फेरी पाहताना ते दरवेळी हा वाद उकरून काढतात. आपण जे खेळलो तेच आपल्यापुरते मूळ, असे त्यांचे प्रतिपादन. मी बाईंच्या बाजूचा आहे. कर्त्याने बांधलेली लय हा रचनेचाच भाग असतो.

नव्या सपाट टीव्हीची अडचण वेगळी. आलेल्या चित्रावर तो आपले संस्कार करतो आणि मगच दाखवितो. बटण दाबणे आणि उडी दिसणे यांत त्यामुळे क्षणाचा अंश निसटतो, आणि एकेका विटेच्या टप्प्यावर तेवढाच जीव घेतो. गेम मोड चालू केल्यास हा विलंब बराच घटतो. पण बंदुकीचा खेळ मात्र त्यावर मुळीच चालत नाही. 'डक हंट'ची बंदूक पडद्यावर काही फेकत नाही, ती पडद्याकडे पाहते: चाप ओढताच यंत्र क्षणभर सारा पडदा काळा करते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटविते, आणि नळीतल्या प्रकाशसंवेदकाला त्या नेमक्या वेळी उजेड दिसला तर नेम लागला असे ठरते. पिक्चर ट्यूबच्या तत्क्षणी उजळण्यावर हा सर्व व्यवहार अवलंबून. म्हणून हे लोक जाडजूड पाठीचे टीव्ही शोधीत फिरतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, जो रविवारी आणि बुधवारी भरतो, लोखंडी कपाटे आणि पितळी भांडी यांच्या मधोमध असा एक संच जमिनीवर ठेवलेला मी पाहिला. विकणाऱ्याने त्याची काच फडक्याने पुसली आणि चालू अवस्थेत असल्याची ग्वाही दिली, आणि दोन तरुण त्याच्या मागच्या बाजूस वाकून पिवळे-पांढरे छिद्र आहे की केवळ अँटेनाचे, याची खातरजमा करीत होते.

कोणी न लिहिलेला शेवट

सर्वच जुन्या खेळांना शेवट लिहिलेला नाही. नामकोच्या तोरू इवातानी यांनी रचलेला १९८० चा 'पॅक-मॅन' अखंड चालावा असा बेत होता. पण टप्प्यांची मोजदाद आठ द्विमान अंकांत, म्हणजे २५५ पर्यंतच मावणारी. २५६ व्या टप्प्यावर फळे काढणारा हिशेब कोलमडतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकृत्यांच्या गाळाने भरतो, आणि टिपके पुरे न मिळाल्याने टप्पा ओलांडता येत नाही. तेथे खेळ संपतो, कर्त्याच्या इच्छेवाचून.

याहून विलक्षण कथा 'टेट्रिस'ची. आपल्याकडे मूठभर आकाराच्या, करड्या पडद्याच्या ब्रिक गेममधून ती घरोघर पोहोचली. तिचा कर्ता अलेक्सेई पाजित्नोव याने १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात ती लिहिली आणि १९९६ पर्यंत तिच्या मिळकतीचा वाटा त्याच्या पदरी पडला नाही. निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या पायरीवर तुकडे इतक्या वेगाने कोसळतात की बटण दाबून धरले तरी ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. मनुष्याची मर्यादा येथे आली असे दोन दशके मानले गेले. २०११ मध्ये थॉर आकरलुंड याने बोट थरथरवून बटण ठोकण्याच्या रीतीने तिसावी पायरी गाठली; पुढे कोणीतरी कंट्रोलर उलट बाजूने, तबल्यावर बोटे फिरवावीत तशी, वाजविण्याची युक्ती काढली, आणि मर्यादा वर सरकत गेली. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला विलिस गिब्सन हा तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पायरीवर पोहोचला आणि यंत्रच थांबले. गुणांचा हिशेब पुरा होण्याच्या आत पुढले चित्र येऊन ठेपले होते. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले होते. तो डाव त्याने त्यांना अर्पण केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकेल आर्टियागा या दुसऱ्या मुलाने, यंत्र थांबू नये एवढा बदल केलेल्या आवृत्तीवर, २५५ वी पायरी ओलांडली, तेव्हा मोजदाद उलटून शून्यावर आली आणि तुकडे पुन्हा पहिल्यासारखे हळूहळू पडू लागले.

नावे

कर्त्यांची नावे दडपली गेली ती केवळ आमच्या कॅसेटींत नाही. अटारी कंपनी आपल्या रचनाकारांचे नाव जाहीर करीत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट याने 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली बांधून तीत स्वतःचे नाव लिहून ठेवले, आणि तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने ती खोली शोधून काढली. जपानी कंपन्यांनाही आपली माणसे दुसरीकडे फोडली जातील ही धास्ती होती, त्यामुळे अखेरच्या पडद्यावर पुष्कळदा टोपणनावेच येतात. पण ती येतात. आणि शेवटास पोहोचणाऱ्यालाच दिसतात.

'काँट्रा'चे पाहा. १९८७ साली नाण्याच्या यंत्रावर आणि पुढल्या वर्षी घरगुती संचावर आलेला कोनामीचा हा खेळ आपल्याकडे मारिओच्या खालोखाल प्रिय होता. एक गोळी लागली की आयुष्य गेले, आणि आयुष्ये तीन. वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए हा मंत्र आरंभी दाबला तर तीस. हा मंत्र मुळात 'ग्रेडियस' या दुसऱ्या खेळाच्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीसाठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला होता. आपलाच खेळ तपासताना त्यांना तो पार करता येईना, म्हणून केलेली ती सोय चुकून आत राहून गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले, तेव्हा ज्यांनी बालपणी तो मंत्र पाठ केला होता त्यांतल्या बहुतेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

बाईंनी मारिओ पुरा केला तो मी तेथे नसताना. राजकन्येने आभार मानले, आणि नवी मोहीम देऊ केली, जिच्यात छत्रीसारखे तपकिरी गूम्बा जाऊन त्यांच्या जागी आगीने न मरणारे, टणक पाठीचे कीटक येतात. ती त्यांनी बाजूस ठेवली आहे, कारण डिसेंबरात बंधू येणार आहेत आणि 'काँट्रा' मंत्राशिवाय, तीनच आयुष्यांत, दोघांनी मिळून पुरा करावयाचा असे ठरले आहे. त्यात पाळी नसते. दोघेही एकाच वेळी पडद्यावर असतात. फक्त तिसऱ्या टप्प्यात, धबधब्यावर चढताना, पुढचा घाई करू लागला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला सापडून मरतो. तेथे दादाने थांबावयाचे, ही अट त्यांनी आधीच घातली आहे, आणि फोनवर त्याच्याकडून ती दोनदा कबूल करून घेतली आहे.